लिनक्स, विंडोज, मॅक आणि एकच फोल्डर: सांबाच्या कामाची नोंद

लिनक्स सर्व्हरवर सांबा, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर नेटवर्कवरच्या इतर मशीन्सना एसएमबी या फाइल-शेअरिंग पद्धतीने वापरू देणारं सॉफ्टवेअर, चालू आहे. विंडोज ११ आणि मॅक दोन्हींकडून त्याच फोल्डरमध्ये फायली वाचता-लिहिता येतात. दुसऱ्या लिनक्स मशीनवरचं कायमचं माउंट (हे फोल्डर तिथल्याच फोल्डरसारखं जोडणं) बाकी आहे.

फोल्डर होममध्ये न करता /एसआरव्ही खाली केलं. उबुंटूत २१.०४ पासून नव्या युजरच्या होमची परवानगी ७५० असते, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून बाकीच्यांना आत जाता येत नाही. आतल्या फोल्डरला कितीही मोकळीक द्या, वाटेतलं दार बंदच राहतं. लिनक्सने जे नाकारलं ते सांबा देऊ शकत नाही, त्यामुळे विंडोजवर ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की आधी वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरची परवानगी बघायची.

एक ग्रुप करून फोल्डर त्याच्या नावे केलं आणि परवानगी २७७५ ठेवली, म्हणजे मालक आणि ग्रुप दोघांनाही लिहिता येतं. पहिला २ म्हणजे सेटजीआयडी: आत तयार होणारी फाइल त्याच ग्रुपची होते. पण एवढ्यावर भागत नाही. सांबाचा क्रिएट मास्क (नव्या फाइलला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ती मर्यादा) मुळात ०७४४ असतो, म्हणजे एकाने टाकलेली फाइल दुसऱ्याला फक्त वाचता येते. सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये शेअरच्या विभागात क्रिएट मास्क ०६६४ आणि डिरेक्टरी मास्क २७७५ लिहिल्यावर अडचण सुटली. जुन्या फायलींची परवानगी मात्र हाताने बदलावी लागते. दर बदलानंतर टेस्टपार्म ही सेटिंग फाइल तपासणारी कमांड चालवा. चुकीचं लिहिलेलं पॅरामीटर तिथेच सापडतं.

सांबाचे पासवर्ड वेगळे साठवले जातात. युजर आधी लिनक्सवर हवा, मग ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ ने तो सांबात घालायचा. बिनपासवर्डचा गेस्ट शेअर करूच नये. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ पासून एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची डिजिटल खूण) मुळातच सक्तीचं आहे आणि गेस्टला साइनिंग करताच येत नाही. पासवर्ड बरोबर असूनही १२१९ एरर आली, तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या युजरनावाने आधीची जोडणी उघडी आहे असं समजा. ‘नेट यूज’ ने ती शोधून /डिलीट ने तोडा.

विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये सर्व्हर दिसत नाही, म्हणून सांबाची फाइल उकरत बसू नका. थेट \\१९२.१६८.१.१० असा आयपी टाकून बघा. उघडलं तर शेअर ठीक आहे, अडलंय ते फक्त शोधण्यापाशी. आजचं विंडोज त्यासाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही नेटवर्कवरची मशीन्स शोधायची पद्धत वापरतं आणि सांबात ते नाही. लिनक्सवर त्यासाठी डब्ल्यूएसडीडी हा प्रोग्रॅम वेगळा टाकावा लागतो. मॅकला सर्व्हर दिसावा म्हणून अवाही हा तसाच प्रोग्रॅम. फायरवॉलमध्ये शेअरसाठी टीसीपी ४४५, डब्ल्यूएसडीडीसाठी यूडीपी ३७०२ व टीसीपी ५३५७, अवाहीसाठी यूडीपी ५३५३ उघडले. सर्व्हर दिसावा म्हणून एसएमबी१ (एसएमबीची जुनी आवृत्ती) चालू करा, हा सल्ला अजूनही दिला जातो. तो अजिबात ऐकू नका: २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या एसएमबी१ मधल्याच भगदाडातून पसरला होता.

मॅकने जागोजागी ‘._’ ने सुरू होणाऱ्या फायली टाकू नयेत म्हणून सेटिंग फाइलच्या ग्लोबल विभागात व्हीएफएस ऑब्जेक्ट्सपुढे (सांबाची जोड-मॉड्यूल्स इथे लिहितात) कॅटिया, फ्रूट, स्ट्रीम्स_एक्सॲटर याच क्रमाने लिहिलं. फ्रूट हे स्ट्रीम्सच्या आधीच हवं.

पुढचं काम दुसऱ्या लिनक्स मशीनच्या एफएसटॅबमधलं, म्हणजे बूटला काय काय माउंट करायचं त्याची यादी असलेल्या फाइलमधलं. सीआयएफएस-यूटिल्स (एसएमबी शेअर माउंट करायचं पॅकेज) नसेल तर माउंट ‘राँग एफएस टाइप’ म्हणून अडतं. युजरनाव-पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, तिची परवानगी ६००. यूआयडी-जीआयडी (युजर आणि ग्रुपचे क्रमांक) दिले नाहीत तर सगळ्या फायली रूटच्या दिसतात. सर्व्हर बंद असताना मशीन बूटला अडकू नये म्हणून नोफेल (माउंट झालं नाही तरी बूट पुढे चालू) आणि एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट (फोल्डर उघडल्यावरच माउंट), दोन्ही घालणार.