घोड्यावरून सोन-कुलला

आमच्या ट्रेकच्या कंपूत एक समज पक्का आहे: डोंगरात घोडा लागतो तो ज्याला चालवत नाही त्याला. किर्गिझस्तानातल्या सोन-कुल सरोवरापर्यंत घोड्यावरून जाऊन आल्यापासून मी प्रत्येकाला सांगते, की असं मुळीच नाही. घोड्यावरचा ट्रेक ही वेगळीच मेहनत आहे. तिची तयारी वेगळी, दुखणी वेगळी आणि त्यातून दिसणारा डोंगरही वेगळा.

माझी भाची किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला एमबीबीएस करते. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे शिकायला आहेत, त्यामुळे दिल्ली ते बिश्केक थेट विमान आणि ऑनलाइन व्हिसा या गोष्टी आमच्या घरी आधीच अंगवळणी पडल्या होत्या. मी जुलैत गेले. सोन-कुलचा हंगाम जूनपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असतो. हिवाळ्यात सरोवर गोठतं आणि खिंडी बर्फाने बंद होतात. सरोवराचा काठच ३,०१६ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट उंची.

तयारी मी पुण्यातच सुरू केली होती. शनिवार-रविवारी घोडेस्वारीच्या वर्गाला जायचे आणि घरी रोज बैठका काढायचे. वर्गात दुडकी आणि चौखूर शिकवतात, त्याचा तिथे फारसा उपयोग झाला नाही, कारण डोंगरात घोडा बहुतेक वेळ चालतच असतो. उपयोग झाला तो मांडीत ताकद येण्याचा आणि खोगिरावरची भीती जाण्याचा. चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही मी सांगेन, की इतर काही जमलं नाही तरी बैठका सोडू नका. आणखी एक: प्रवासाच्या विम्यात घोडेस्वारी धरलेली आहे का, हे लेखी विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते.

बिश्केक साधारण ८०० मीटरवर आहे. तिथून गाडीने बूम घाटातून कोचकोर गाठलं, ते १,८०० मीटरच्या आसपास. तिथे मुक्काम केला तो मुद्दाम, उंचीची सवय व्हावी म्हणून. गावकऱ्यांच्या घरी राहण्याची आणि घोडे-वाटाडे मिळण्याची व्यवस्था या भागात २००० च्या सुमारास उभी राहिली, हेल्वेतास या स्विस संस्थेच्या मदतीने. आज कोचकोरमध्ये अशी अनेक कार्यालयं आहेत. दर घोड्यामागे, वाटाड्यामागे आणि मुक्कामामागे वेगळे लावतात. रोख सोम, म्हणजे तिथलं चलन, कोचकोरलाच काढून ठेवा, पुढे मशीन नाही आणि फोनला रेंजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने किझार्ट गावी गेलो. अंगणात घोडे तयार होते. अंगाने लहान, छातीत रुंद, खूर टणक; भीमथडीच्या तट्टांच्या गोष्टी ऐकल्या होत्या त्या आठवल्या. मी चढायच्या आधी तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याखाली, हात घालून बघितलं आणि भाचीलाही बघायला लावलं. तिच्या घोड्याला तंगाच्या जागी जुनी खरचट होती. तिने रशियनमध्ये सांगितल्यावर वाटाड्याने मुकाट्याने घोडा बदलला. हे बघायलाच हवं. दिवसभर आपलं ओझं वाहणाऱ्या जनावराच्या पाठीकडे न बघता त्याच्यावर बसणं मला पटत नाही.

वाटाडा विशीतला मुलगा होता. भाचीला तो ‘एजे’ म्हणायचा, म्हणजे ताई, आणि मला ‘आपा’. त्याने शिकवलं ते थोडंच, पण नेमकं. चढायचं डाव्या बाजूने. लगाम एका हातात. ‘चू’ म्हटलं की घोडा निघतो, लांबलचक ‘द्र्र्र’ केलं की थांबतो. रिकिबीत पायाचा फक्त चवडा टेकवायचा, म्हणजे पडलोच तर पाय अडकून फरफटत जायला होणार नाही. हेल्मेट मागितलं म्हणून मिळालं. आपणहून कोणी देत नाही. सामान पडशीसारख्या दुतोंडी थैलीत भरून खोगिराच्या मागे टाकतात, तेव्हा दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. चाकाची बॅग कोचकोरलाच ठेवून या.

पहिल्या तासात माझा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडा दर चार पावलांवर गवताला तोंड घालत होता. वाटाडा वळून म्हणाला, एकदा खाऊ दिलं तर दिवसभर तेच करेल. लगाम आखडून मान वर ठेवली, दोन-तीन वेळा टाचेने सांगितलं, मग तो सरळ चालू लागला. ओढ्यावर मात्र उलट. तिथे लगाम पूर्ण सैल सोडायचा, त्याला मान खाली घालून पोटभर पिऊ द्यायचं, आणि मग पलीकडे कुठून जायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. पाण्याखालचा गोटा आपल्याला दिसत नाही, त्याला पायाने कळतो. खडकाळ वाटेवर मी सुरुवातीला त्याला वळवत होते. भाची मागून ओरडली, “मावशी, लगाम सोड, टाचा खाली दाब आणि नुसती बस!” चढाला पुढे वाकायचं, उताराला मागे रेलायचं, एवढं केलं की बाकीचं तो करतो.

पहिला मुक्काम किलेमचे नावाच्या जायलूत होता. जायलू म्हणजे उन्हाळ्यात कळप घेऊन राहायची उंचावरची कुरणं. सोव्हिएत काळात या भटक्या कुटुंबांना गावांत वसवलं गेलं आणि जनावरं सामुदायिक शेतांच्या मालकीची झाली. तरीही कळप उन्हाळ्यात वर नेण्याची रीत टिकली, आणि १९९१ नंतर जनावरं पुन्हा घराघरांत आली. आम्ही उतरलो त्या यर्टमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, आजी, सून आणि दोन नातवंडं राहत होती. घरचे पुरुष मेंढ्यांमागे वर गेले होते.

घोडीचं दूध काढताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जमिनीलगत ताणलेल्या एका लांब दोराला शिंगरं ओळीने बांधलेली असतात, त्यामुळे घोड्या दूर जात नाहीत. नातू शिंगरू सोडून आईपाशी आणतो, ते दोन-चार चोखे घेतं, पान्हा फुटतो, आणि तो लगेच शिंगराला मानेला धरून आईच्या नाकाशी उभं करतो. सून एक गुडघा टेकून, दुसऱ्या मांडीवर बादली पेलून, एक हात घोडीच्या मागच्या पायाला वेढून दूध काढते. धार चालते जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. घोडी एका वेळी थोडंच दूध देते, म्हणून हे दिवसातून पाच-सहा वेळा करायचं. मग ते आंबवून, पुन्हा पुन्हा घुसळून त्याचं किमिझ होतं. आंबट, किंचित धुराचा वास, जिभेवर चुरचुरतं. पहिल्या दिवशी अर्धी वाटीच घ्या, पोटाला सवय नसते.

शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही, पण आधी सांगावं लागतं. नान, साय म्हणजे कायमाक, घरचा जॅम, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, बटाटे आणि पेल्यामागून पेले चहा. मी सोबत मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते. लाडू आजींना फार आवडले. झाड एकही नाही, त्यामुळे रात्री शेगडीत शेण्याच पेटवतात. त्या विझल्यावर पहाटे कडाका पडतो. गाद्या-गोधड्या भरपूर देतात, तरी थर्मल कपडे न्याच.

दुसऱ्या दिवशीची जाल्गिझ-कारागाय खिंड तीन हजार मीटरच्या वर आहे. दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा सुरू झाल्या. वाटाड्याने आम्हाला धारेवरून खाली एका खोलगटात नेलं आणि घोड्यांना मोकळं सोडलं. तिघांनीही वाऱ्याकडे पाठ करून माना खाली घातल्या आणि अगदी स्थिर उभे राहिले. आम्ही त्यांच्या आडोशाला. या भागात दुपारी विजांचा पाऊस नेहमीचा आहे, म्हणून सकाळी लवकर निघून खिंड दुपारच्या आत ओलांडायची. निघायची वेळ वाटाड्याला आदल्या रात्रीच विचारा आणि ती पाळा.

खिंडीच्या पलीकडे सोन-कुल दिसतं. साधारण २७० चौरस किलोमीटर पाणी, भोवती नुसतं गवत, आणि त्या गवतावर दूरवर ठिपक्यांसारखे शेकडो घोडे. चालत आले असते तर मी पायाखाली बघत आले असते. घोड्यावर नजर मोकळी असते. मार्मोट, म्हणजे खारीच्या जातीचे गुबगुबीत प्राणी, बिळाच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालतात ते दिसतं, एडेलवाइसची फुलं पायाखाली नाही तर सबंध उतारावर पसरलेली दिसतात. आणि घोड्यावरून आलेल्या माणसाकडे तिथले लोक वेगळ्या नजरेने बघतात. गुराखी पोरं शर्यत लावायला येतात, म्हातारे आधी घोड्याची चौकशी करतात आणि मग आपली.

आता दुखण्याचं. घोट्यांना काही होत नाही. दुखतात गुडघे, मांडीचा आतला भाग आणि माकडहाड. शिवण नसलेली लेगिंग आत घाला, मांड्यांना आधीच खोबरेल लावा आणि दर तासाभराने उतरून दहा मिनिटं घोड्यासोबत चाला. लांब उतारावर तर चालाच. आपल्या गुडघ्यांना बरं आणि त्याच्या खांद्यांनाही. परतीच्या खिंडीतून किझार्टकडे उतरताना मी निम्मी वाट लगाम हातात धरून चालतच आले.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या एका मैत्रिणीलाही जायचं आहे. तिला मी सरोवरापर्यंत गाडीने जायला सांगितलंय. उन्हाळ्यात कच्चा रस्ता थेट काठापर्यंत जातो. तिथे दोन दिवस यर्टमध्ये राहून सकाळ-संध्याकाळ तासभर घोड्यावर काठाकाठाने फिरायचं. पैसे त्याच कुटुंबांना मिळतात, आणि घोडीचं दूध काढताना बघायला तिथेही मिळेल.