चारही चाकं फिरली म्हणून गाडी थांबत नाही

आज दिवसभर बर्फातून गाडी चालवली आणि नवीन गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यायची का, याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालं.

चढावर समोरची ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी जागेवरून सहज निघाली. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे एक चाक घसरलं तरी बाकीची चाकं गाडी पुढे ढकलतात. पण पुढच्या उतारावर तीच गाडी ब्रेक लावल्यावर सरळ घसरत गेली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात! थांबणं आणि वळणं शेवटी टायरच्या पकडीवर असतं.

साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह आहे ना, ते नक्की बघा. आणि चारही टायर बदला, फक्त दोन नकोत.

रोज साफ न होणारे चढाचे रस्ते असतील, तर ऑल-व्हील ड्राइव्ह जरूर घ्या, विंटर टायरसकट. आमचा रस्ता सपाट, बर्फ सकाळीच काढला जातो. त्या यंत्रणेचं जास्तीचं वजन आणि इंधन वर्षभर कशाला वाहायचं? मी फ्रंट-व्हील ड्राइव्हच (ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना) घेतोय, आणि आधी पैसे टायरना.

तुमच्याकडे चढ किती आहे, कळवा.