वरचा गेला, खालचा?

आज देवगुराडियाजवळ मावशीकडे गेलो होतो. ट्रेंचिंग ग्राउंडचा, म्हणजे इंदूरच्या कचरा डेपोचा, तो जुना वास आता नाही. सुमारे १३ लाख टन साचलेला कचरा उपसला, २०२२ मध्ये बायो-सीएनजी प्लांट आला. इंदूरकरांनी मिरवावं असंच काम!

तरी मावशी बोअरचं पाणी फक्त धुण्याभांड्यालाच वापरते. "कचरा गेला ना आता?" तर म्हणे, "वरचा गेला रे."

पटलं. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपताना क्षार, अमोनिया (त्याचंच पुढे नायट्रेट होऊ शकतं), कधी जड धातूही घेऊन खाली उतरतं. खाली आपला माळव्याचा बेसाल्ट, काळा कातळ. तो वाळूसारखा गाळत बसत नाही, पाणी भेगांतून वाट काढतं. म्हणून एक बोअर खारट नि शेजारचं गोड, असंही होतं.

शेजारचे काका हौसेनं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) घेऊन आले. "५०० च्या आत आहे, बिनधास्त प्या!" अहो काका, त्यात नायट्रेट वेगळं कुठे दिसतं? त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर हे आधी बघा.

नायट्रेट आणि जड धातू दोन्ही तपासणारी इंदुरातली लॅब कुणाला माहीत आहे का?