तोबरा आणि गवताची जाळी

सकाळी पावणेसहाला तबेल्यात शिरलो की पहिलं काम खायला घालायचं नसतं, पहिलं काम बघायचं असतं. रात्रीचं गव्हाणीत काही उरलंय का, पाण्याची बादली किती उतरली, लीद किती वेळा टाकली आणि कशी आहे, चारी पायांवरून हात फिरवून कुठं गरम लागतंय का, आणि मग थर्मामीटर. प्रत्येक घोड्याचं टेंपरेचर रोज सकाळी लिहून ठेवायचं, घोडा ठणठणीत असला तरी. इकडं आयर्लंडमध्ये किल्डेअरला येऊन मला पाच वर्षं होत आली, त्याआधी पुण्याच्या रेसकोर्सवर होतो, आणि त्याच्याही आधी म्हणजे अगदी लहानपणापासून मिरजेत आजोबांच्या टांग्याच्या मागं मागं. त्यामुळं घोडा मला नवीन नव्हता, पण घोड्याचं पोट मला इथं आल्यावर कळलं.

आजोबांचा टांगा मिरज स्टेशनला उभा असायचा. घोडीचं नाव चंद्रा. आजोबांचा जीव होता तिच्यावर, रोज खरारा केल्याशिवाय स्वतः जेवायचे नाहीत. लग्नसराईत एकदा सकाळपासून भाडी चालू होती, घोडी दिवसभर उपाशी आणि पाणी पण नीट मिळालं नाही, रात्री घरी आल्यावर आजोबांनी लेकरू दमलंय म्हणून तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची पिशवी, भरून भिजवलेला हरभरा, वर गूळ असं सगळं तिच्या पुढ्यात केलं. मध्यरात्री ती लोळायला लागली. कुशीकडं वळून वळून बघायची, पुढच्या पायानं जमीन उकरायची, घामानं नुसती भिजलेली. शेजारच्यांनी बाटलीनं तेल पाजलं, आम्ही आळीपाळीनं तिला फिरवत राहिलो, आणि पहाटे गेली ती. आजोबांनी त्यानंतर टांगा विकला.

इथं पहिल्याच हिवाळ्यात एक घोडी अशीच लोळायला लागली तेव्हा माझे हातपाय गळाले, मला चंद्राच दिसायला लागली. पण अर्ध्या तासात व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, आली, तिनं नाकातून लांब नळी सरळ पोटात घातली आणि आत साठलेलं आंबट पाणी बाहेर काढलं. तेव्हा ती म्हणाली की घोड्याला उलटी करताच येत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येतच नाही, मग दाब वाढला की जठर फुटतं. म्हणून आधी नळी. ती घोडी वाचली, आणि मी त्या रात्री झोपलो नाही.

एवढ्या मोठ्या जनावराचं जठर केवढं असतं तर पाचशे किलोच्या घोड्याचं जेमतेम ८ ते १५ लिटर. आणि त्यात ॲसिड चोवीस तास गळत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. लाळ मात्र फक्त चघळताना सुटते आणि ॲसिडला मारणारी तीच. रानातला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत असतो ते याच्यासाठी. आपण काय करतो, सकाळ-संध्याकाळ चंदी, म्हणजे दाणा, घालतो आणि मधले आठ-दहा तास दाव्याला उपाशी बांधून ठेवतो. मला वाटतं आपल्याकडची निम्मी पोटदुखी इथंच आहे, चारा कमी आणि चंदी जास्त. प्रेमानंच करतो आपण ते, आजोबांनी पण प्रेमानंच केलं होतं.

माझे चुलते, आम्ही आप्पा म्हणतो, कवठेमहांकाळकडं असतात आणि त्यांच्याकडं वरातीची एक घोडी आहे. मागच्या दिवाळीत फोनवर मी विचारलं, आप्पा, लक्ष्मीला काय घालताय? तर म्हणाले, "आरं हरभरा हाय, गव्हाचा भुस्सा हाय, वाढं हायती, काय कमी न्हाई बग." मी म्हटलं, "आप्पा, शिंप्याची टेप हाय का घरात? छातीचा घेर मोजा, आणि खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी." घेर आला १५० सेंटिमीटर आणि लांबी १४०. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि ११८८० नं भागायचं. लक्ष्मी भरली २६५ किलो. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के तरी सुका चारा लागतो, म्हणजे तिला पाच-सव्वापाच किलो. ओल्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं त्यामुळं तोच हिशोब हिरव्यावर केला तर पंचवीस किलोच्या घरात जातो, एक पेंढी टाकून भागत नाही. आणि धान्य एका वेळी सव्वा किलोच्या वर कधीच नाही. आप्पा दोन वेळेला मिळून पाच किलो घालत होते.

वाढ्यांचं आणि भुश्श्याचं जरा नीट सांगतो कारण सांगली-सातारा म्हटलं की ऊस, आणि ऊस म्हटलं की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. नेपियर गवतात पण असतं. गव्हाच्या भुश्श्यात, म्हणजे कोंड्यात, फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नावाला. दोन्ही मिळून वर्षानुवर्षं घातलं की शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं, हाडं पोकळ होतात, तोंडाची हाडं सुजून चेहरा रुंद दिसतो, घोडा कारण नसताना लंगडतो. पूर्वी युरोपात पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे व्हायचं कारण त्यांना कोंडाच कोंडा मिळायचा. म्हणून वाढं कमी करा, भुस्सा मूठभर ठेवा आणि लसूणघास थोडी तरी रोज घाला, तिच्यात कॅल्शियम चांगलं असतं. कोवळी ज्वारी मात्र अजिबात नको, गाई-म्हशींना त्यानं विषबाधा होते ते आपल्याला माहितीच आहे, घोड्याला पण चालत नाही, मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी थेंब थेंब गळत राहते.

इथं कामाला काढायच्या अर्धा तास आधी घोड्याला थोडी कापलेली लसूणघास देतात. रिकाम्या पोटी पळवलं की ॲसिड उसळून जठराच्या वरच्या भागाला लागतं आणि अल्सर होतो, चाऱ्याचा थर असला की ते थांबतं. वरातीला न्यायच्या आधी हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

पाण्याबद्दल आपल्याकडं एक समज घट्ट बसलाय की घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये. आजोबा पण हेच म्हणायचे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उन्हात पळणाऱ्या घोड्यांवर बराच अभ्यास झाला आणि तेव्हापासून उलटंच करतात, गार पाणी अंगावर ओतत राहायचं आणि प्यायला पण द्यायचं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लक्ष्मीसारख्या घोडीला दिवसाला वीस-पंचवीस लिटर सहज लागतं. सोबत मिठाचा खडा चाटायला ठेवा.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, माऊलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो, मी पण लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून गेलोय. ती टाप रोज एकदा उचलून बघावी एवढंच माझं मागणं आहे. खुरातली लीद आणि खडे काढा, काळा वास मारणारा चिखल लागला तर खूर कुजायला लागलाय. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवायचंच, नाल झिजला नसला तरी, कारण खूर वाढतच असतो. खिळा चुकून आत गेला तर धनुर्वात, घोड्याला तो फार पटकन होतो आणि झाल्यावर क्वचितच वाचतो, त्यामुळं लस आधीच देऊन ठेवा. वर्षातून एकदा दात पण दाखवा, चघळलेल्या गवताचे गोळे खाली पडायला लागले तर नक्कीच.

आणि पोट दुखायला लागलं तर बाटलीनं तेल पाजू नका. घोडा तडफडत असताना ते श्वासनलिकेत जातं, फुप्फुसात जातं. चारा-चंदी काढून घ्या, जनावरांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि ते येईपर्यंत नाडी मोजा, जबड्याच्या खालच्या कडेला बोटानं दाबलं की लागते. उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, साठच्या वर गेली तर वेळ फार थोडा आहे. टेंपरेचर आपल्या फॅरनहाइटमध्ये ९९ ते १०१. हे आकडे बरा असतानाचे माहिती असले तरच आजारी असताना उपयोगी पडतात, म्हणून रोजचं लिहिणं.

आप्पांनी मेडिकलमधून थर्मामीटर आणला आणि जुन्या नायलॉनच्या दोरीची गवत अडकवायची जाळी स्वतः विणली, बारीक भोकांची, म्हणजे एक पेंढी तीन तास पुरते. चंदी आता तीन वेळा, थोडी थोडी. आज सकाळी इथं बादल्यांवर बर्फ जमला होता, हातोडीनं फोडत होतो तेवढ्यात त्यांचा मेसेज आला, रोज येतो तसा. "१००. पानी दोन बादल्या. लीद रातीत चार येळा, चांगली. जाळी सपिवली."