‘अल-अर्द’ बघताना पाणीपाळी मोजा

नागपूरकडच्या माणसाला इजिप्शियन दिग्दर्शक यूसुफ शाहीनचा ‘अल-अर्द’ (म्हणजे ‘जमीन’, 1969) हा सिनेमा बघताना एक घोळ हमखास होतो. पऱ्हाटी दिसली की आपण पावसाची वाट पाहू लागतो. आपल्याकडचा बहुतेक कापूस कोरडवाहू. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात पाऊस नावापुरता, पीक सगळं कालव्यावर. त्यामुळे पाणी मिळण्याचे दिवस 10 वरून 5 वर आणल्याचा सरकारी हुकूम हीच खरी ठिणगी. हे नजरेतून सुटलं तर पुढची भांडणं नुसती गावगुंडी वाटतात! त्यात जमीनदाराला हवेलीपर्यंत रस्ता हवाय, तोही गावकऱ्यांच्या शेतांतून.

‘उमदा’ म्हणजे गावचा पाटील समजा, ‘बे’ हा किताब; आडनाव नव्हे.

सिनेमा ज्यावर बेतलाय ती अब्दुर्रहमान अश-शरकावींची कादंबरी 1954 ची, काळ मात्र 1930 च्या दशकातला. महमूद अल-मिलीगीनं एरवी खलनायक खूप रंगवले, इथे तो म्हातारा शेतकरी अबू सुवैलम आहे. शेवटी घोड्यामागे फरफटत जाताना त्याची बोटं माती धरतात. त्या प्रसंगात संवाद जवळपास नाहीत, म्हणून तेव्हा सबटायटल सोडून हातांकडेच बघा.