साडेचार फूट

रात्रीचे साडेदहा. ओसरीवर बसलोय. झोप येत नाही, आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही.

मोजणी झाली एकदाची. अर्ज आपला, फी आपली, तातडीची म्हणून जास्तीची. पोरगेलासा भूकरमापक आला, काठीवरचं रोव्हर, उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन शेताच्या कडेकडेने फिरला, मधूनमधून थांबला, आणि म्हणाला, टाका चुना. रेघ आमच्या पऱ्हाटीतून गेली. शेजारच्या नामाकाकांनी आमचा धुरा, म्हणजे बांध, कोरलाच नव्हता. आम्हीच त्यांच्यात शिरलो होतो. वरच्या अंगाला साडेचार फूट, नाल्याकडे जाता जाता निमुळतं होत फूटभर. सगळं मिळून दीड-पावणेदोन गुंठे. कापसाचं जेमतेम एक तास.

लाज वाटायला हवी होती. राग आला. तोही ‘आपलं गेलं’ असा. पायाखालची जमीन आपली नव्हतीच हे कळल्यावर, त्याच मिनिटाला, ती हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. दिवसभर हेच घोळतंय. मी पुण्यात राहतो, नांगराला हात लावून किती वर्षं झाली देव जाणे. मग हे पोटातून आलं कुठून?

लहानपणापासून ताटावर बसलं की एकच: नाम्यानं धुरा कोरला. वरणासोबत गिळलंय ते. बाबांना खरं ठाऊक होतं का, हे दादाने विचारलं नाही, मीही नाही. मी दुपारभर मनात जुन्या मोजणीला दोष देत बसलो. तेव्हाची शंकू साखळी, 33 फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. कुणी ताणून धरली असेल, कुणी ढिली, दगड सरकले असतील. साखळी बिचारी उलटून बोलत नाही.

कॉलेजात शिकलेलं एक फुलपाखरू मग आठवत राहिलं. इंग्लंडातल्या रानात जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, त्यातला एकेक कवडसा एकेक नर धरून बसतो. दुसरा आला की दोघं गिरक्या घेत वर जातात, काही सेकंदांत पाहुणा निघून जातो. आधी बसलेला जिंकतो, कायम. निक डेव्हिस नावाच्या माणसाने 1978 मध्ये हे मांडलं. पण त्याने एक खोडीही केली होती. एकाच कवडशात दोन नर अशा बेताने बसू दिले की दोघांनाही वाटावं, आपणच आधीचे. मग मात्र भांडण लांबलं. नेहमीपेक्षा कितीतरी. तेव्हा मला ते मजेशीर वाटलं होतं. आज नामाकाका चुन्याच्या पलीकडे उभे होते, हाताची घडी घालून, आणि मी अलीकडे. दोघंही आधीचे.

कवडसा निदान संध्याकाळी विझतो.

चुलतभावाचा फोन आला. बारा वर्षांच्या वर ताबा आहे आपला, कोर्टात जा. बरोबर आहे त्याचं. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात ती बारा वर्षं आहेत, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या निकालानंतर असा ताबेदार स्वतःहून दावाही लावू शकतो. दादाने लगेच वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, होईल, पण जमीन नामदेवरावांची आहे आणि तुम्ही ती त्यांच्या नाकावर टिच्चून उघडपणे वाहिली, असं तुम्हालाच सांगावं लागेल.

दादा म्हणाला, “मेलो तरी म्हणणार नाई.”

इथे मला पहिल्यांदा हसू आलं. दीड गुंठा हवा तर आधी कबूल करा की तो त्यांचा. कायदा करणाऱ्याने आमच्या घरात जेवून पाहिलं असावं.

दादाला मात्र हसू आलं नाही. “तू जाशीन पुण्याले. मले इथंच राहाचं हाये, रोज त्याचं तोंड पाहून.” यावर काय बोलणार?

आपल्या टिपेश्वरच्या त्या वाघाचं बरं होतं, ज्याला वॉकर म्हणायचे. अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं, आधीच्या वाघांनी झाडांवर मूत शिंपडून, खोडं ओरबाडून वाटून घेतलेलं. हा 2019 मध्ये निघाला, तेलंगणात जाऊन आला, तीनेक हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत थांबला. मीही गेलोच की. फक्त सात-बारावर नाव ठेवून गेलो. आणि ताई गेली ती हक्कसोडपत्रावर सही करून. चहा पिता पिता केली होती, पेन माझंच होतं. तेव्हा कुणी चुना नव्हता टाकला. असो.

जाताना नामाकाका काहीच बोलले नाहीत, हे जास्त लागलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नुसतं “चहा पेऊन जा” म्हणाले. आम्ही गेलो नाही. जायला हवं होतं बहुतेक. उद्या पाहू.

संध्याकाळी एकटाच शेतात गेलो. चुना वाऱ्याने फिसकटला होता. खालच्या पऱ्हाट्यांत एक शेळी पाला ओरबाडत होती. मी “हाड, हाड” करत ढेकूळ उचललं, धावलो, अंगावर फेकलंही. लागलं नाही. मग पायाखाली पाहिलं.

शेळी काकांची. जागा काकांची. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.