नाद खुळा, ४२ अक्षरांत

सबटायटलच्या धंद्यात इंग्रजी संवाद टाइप होऊन हातात आले की निम्मं काम झालं, असं आम्ही धरून चालतो. त्या दिवशी तेच नडलं.

सिनेमा मार्क हर्मनचा, २००० सालचा ‘प्युअरली बेल्टर’. न्यूकॅसलच्या समोर, टाइन नदीच्या पल्याड गेट्सहेड. तिथली जेरी आणि स्यूएल ही दोन कफल्लक पोरं. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबचे सामने वर्षभर मैदानात बसून बघायचे तर माणशी ५०० पौंड. दोघांचे १,००० जमवायला ती नाही नाही ते उद्योग करतात. अ‍ॅलन शिअरर या क्लबच्या स्टार खेळाडूची गाडीसुद्धा सोडत नाहीत, आणि शिअरर स्वतः पडद्यावर आहे!

संवाद कुणीतरी नुसते कानानं ऐकून उतरवलेले. एका ओळीत ‘बार्न’ होतं. मी इमानेइतबारे ‘गोठा’ लिहिलं. चित्र लावून बघतो तर बोलणं चाललंय लहान मुलाबद्दल. तेव्हा ट्यूब पेटली: शब्द ‘बेर्न’, म्हणजे पोर. ही जॉर्डी, म्हणजे न्यूकॅसलकडची बोली. घर म्हणजे ‘ह्येम’, जाणं म्हणजे ‘गॅन’, ‘व्हय की’ला ‘वे आय’. लंडनवाल्यांचीही दांडी उडते तिथे. सगळं पहिल्यापासून ऐकायला घेतलं. फाइल संध्याकाळी सहाला द्यायची होती.

‘सीझन तिकीट’नं वेगळाच छळ मांडला. हंगामी म्हटलं की मला विधानसभेचा अध्यक्ष दिसतो आणि तसंच ठेवलं तर मुंबईकराला लोकल. शेवटी ‘वर्षाचा पास’. दोन ओळी, ओळीला ४२ अक्षरं; त्यात बसलं.

राहिलं शीर्षकातलं ‘बेल्टर’, म्हणजे एकदम भारी काहीतरी. कोल्हापूरला चुलतभावाला फोन लावला. दादा पाटाकडील तालीम या फुटबॉल संघाचा; मॅच असली की शाहू स्टेडियमवर सापडणार.

“दादा, गोल लई भारी बसला तर काय ओरडता?”

“नाद खुळा! आनी काय? तू पुण्यात जाऊन इसरलास व्हय रं?”

खरंच विसरलो होतो. पडद्यावरची पोरं एकदम पेठेतली वाटायला लागली आणि पुढच्या दीडशे ओळी तासात उरकल्या.

पाच वाजता वरून निरोप: बोलीभाषा नको, प्रमाण मराठी ठेवा. गेट्सहेडच्या गल्लीतली पोरं ‘अत्युत्कृष्ट’ म्हणणार की काय! भांडायला वेळ नव्हता. शीर्षक ‘एकदम झकास’ करून फाइल पाठवली.

मधल्या एका ओळीत मात्र ‘नाद खुळा’ तसंच राहून गेलं. तपासणाऱ्याच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. मी काही आठवण करून दिली नाही.